दुपारचा डबा

मॅच-प्ले ही माणसाच्या चारित्र्याची अखेरची कसोटी आहे, असं आमच्या गोल्फ क्लबाचे अध्यक्ष दरवर्षी स्पर्धेच्या सकाळी सांगत. इथे माणूस मैदानाशी लढत नाही, समोरच्या माणसाशी लढतो, आणि दिवसभराच्या त्या लढाईत तो खरा कोण आहे ते उघडं पडतं. हे सगळं ते ब्लेझर घालून सांगत. सांगलीत, मार्चच्या अखेरीस. अण्णांचं चारित्र्य मात्र उघडं पडायला दिवसभर लागत नसे. ते साडेनऊच्या आत पडायचं, कारण अण्णा दरवर्षी पहिल्याच फेरीत हरायचे.

हरण्यात विशेष काही नव्हतं. आमच्या क्लबात बहुतेक जण त्यासाठीच येतात. विशेष होती ती अण्णांची तयारी. स्पर्धा एका दिवसाची. आठ खेळाडू, काही सांगलीचे, काही साताऱ्याहून पहाटे गाडी करून आलेले. सकाळी पहिली फेरी, दुपारी दुसरी, उन्हं उतरताना अंतिम. सगळ्या फेऱ्या जिंकणाऱ्याला सूर्य मावळेपर्यंत चालावं लागतं. अण्णा दरवर्षी सूर्य मावळेपर्यंतच्या हिशेबाने येत. मोज्यांचे जादा जोड, कोरडा सदरा, टोपी आणि टोपी भिजली तर दुसरी टोपी, उकळून गाळलेल्या पाण्याचा कॅन आणि पितळेचा तीन पुडांचा डबा. वरच्या पुडात सकाळचं, मधल्यात दुपारचं, खालच्यात सूर्यास्ताच्या आतलं. हरून झालं की ते पॅव्हेलियनच्या पत्र्याखाली बसून तिन्ही पुडं उघडत आणि दिसेल त्याला बोलावत. दुपारची दशमी आणि संध्याकाळचं भडंग आम्ही वर्षानुवर्षं सकाळी पावणेदहाला खाल्लं आहे.

"अण्णा, एकच पूड आणा की पुढच्या वर्षी," मी एकदा म्हणालो.

"आणि जिंकलो म्हंजे?"

"जिंकलात तर मी बाजारातून आणून देईन."

"बाजारचं चालत न्हाई मला. दिवस लांब हाय मास्तर. तयारी दिवसाची करायची, आपली न्हाई."

मी कॉलेजात इतिहास शिकवायचो, म्हणून मी त्यांचा मास्तर. क्लबाचा सभासद झालो तो डॉक्टरांनी चालायला सांगितलं म्हणून, आणि नुसतं चालणं कंटाळवाणं म्हणून. खेळ मला कधीच आला नाही. नियम मात्र पाठ झाले. त्यामुळे स्पर्धेच्या दिवशी माझ्या गळ्यात शिट्टी अडकवून मला पंच करत. न खेळणाऱ्या माणसाला नियम चांगले समजतात, हे इतिहासातही दिसतं.

आमचं मैदान म्हणजे गावाबाहेरचा नऊ होलचा माळ. ज्याला इतरत्र ग्रीन म्हणतात, ती हिरवळ पाण्याअभावी आम्हाला परवडत नाही. आमच्याकडे वाळूत तेल कालवून केलेला काळपट गोल असतो, त्याला ब्राऊन म्हणतात. मधल्या भोकात लोखंडी नळा बसवलेला. शेवटचा हलका फटका, म्हणजे पट, मारायच्या आधी वाळूवरून पोतं ओढून चेंडूची वाट सपाट करायची. चेंडू नळ्यात पडला की टण् आवाज होतो. अण्णांना तो आवाज फार प्रिय होता. कदाचित क्वचित ऐकायला मिळायचा म्हणून असेल.

अण्णांची मार्केट यार्डात हळदीची अडत होती. वडिलांपासूनची. त्यामुळे अण्णा पिवळे होते. हे अलंकारिक नाही. नखं, तळवे, कॉलर, गाडीची गादी, पांढरा म्हणून घेतलेला हातमोजा, सगळं पिवळं. त्यांचा चेंडू झुडपात गेला तर लगेच ओळखू यायचा. धर्माने जैन, आणि पाळणारे जैन. कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही, सूर्य मावळल्यावर पाण्याखेरीज काही नाही. जमिनीखालचं काही खात नाहीत हे कळल्यावर मला राहवलं नाही.

"अण्णा, हळद पण जमिनीखालचीच की."

"वाळलेली असती ती. वाळल्यावर चालतं."

"हे सोयीचं आहे."

"धर्म सोयीचा नसता तर एवढी वर्षं टिकला असता का? तुमीच सांगा, इतिहास तुमचा."

मी पुढच्या होलकडे चालायला लागलो.

एका वर्षी स्पर्धा साताऱ्याला होती. तिथे डोंगराच्या उतारावर तेव्हा एक लहान मैदान होतं. आदल्या दिवशी मी अण्णांच्या गाडीतून निघालो. कराड मागे पडलं आणि सूर्य खाली यायला लागला, तशी अण्णांनी गाडी कडेला घेतली. उसाच्या ट्रॉल्या धुरळा उडवत जात होत्या. अण्णांनी बॉनेटवर पंचा अंथरला, डबा मांडला, सूर्याकडे एकदा बघितलं आणि जेवायला लागले. मी म्हटलं, हॉटेलात पोचून खाऊ. ते म्हणाले, "हाटेल थांबंल. त्यो थांबायचा न्हाई." आणि चमच्याने सूर्याकडे बोट दाखवावं तसं दाखवलं.

दुसऱ्या दिवशी साताऱ्याच्या एका निवृत्त कर्नलांशी त्यांची गाठ होती. अण्णा त्या दिवशी बरे खेळत होते. शेवटून दुसऱ्या होलपर्यंत बरोबरी. तिथे त्यांचा चेंडू ब्राऊनच्या अलीकडे मुंग्यांच्या वारुळावर जाऊन थांबला. अण्णा काठी घेऊन वाकले, बघितलं, सरळ झाले.

"मुंग्या हायत."

"सो?" कर्नल म्हणाले.

"मारला तर मरतील."

कर्नलांनी सीमेवर बरंच काही पाहिलं होतं, पण हा प्रसंग त्यांच्या प्रशिक्षणात नसावा. ते माझ्याकडे बघायला लागले. मी नियम सांगितला: चेंडू खेळता येत नाही असं खेळाडूने स्वतः ठरवलं तर एका फटक्याचा दंड घेऊन बाजूला ठेवता येतो. अण्णांनी दंड घेतला, तो होल हरले, पुढचाही हरले. कर्नल नंतर मला बाजूला घेऊन म्हणाले, "प्रोफेसर, हा माणूस सीरियस आहे का?" मी म्हटलं, तोच एक आहे.

आता एक नियम सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. मॅच-प्लेमध्ये फटके मोजून बेरीज करत नाहीत. प्रत्येक होल वेगळा जिंकायचा किंवा हरायचा. त्यामुळे समोरच्याचा चेंडू भोकाच्या तोंडाशी असेल तर आपण "दिला" म्हणू शकतो. मग तो न मारताच पडला असं धरतात. पट देता येतो, अख्खा होल देता येतो, मॅचसुद्धा देता येते. आणि एकदा दिलं की देणाऱ्याला परत घेता येत नाही, घेणाऱ्याला नको म्हणता येत नाही. अण्णांना या नियमाचा पहिला अर्धा भाग पसंत होता. यार्डात पूर्वी रुमालाखाली बोटं दाबून सौदे होत. "रुमालाखाली दिलेलं बोट परत येत न्हाई," ते म्हणायचे, "तसंच हाय हे." दुसरा अर्धा भाग मात्र त्यांना कधी पटला नाही. कुणी पट दिला की हिरमुसून म्हणत, "पडू द्यायचा की रं. आवाज तरी आला असता."

त्यांची बॅग उचलायला शिवा असे. इतर दिवशी टेम्पो चालवणारा, चाळिशीचा, तोंडाने फटकळ. "अण्णा, तुमचा आवाज ऐकायला रेडिओ लावतो," तो म्हणायचा.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुमारास अण्णा थकलेले दिसू लागले. पाचव्या होलनंतर बसायचे. जेवण कमी झालं. पॅंट पट्ट्यात गोळा व्हायला लागली. आम्ही म्हटलं, वय. आम्ही म्हटलं, बाजार मंदा आहे. आणि ते पिवळे दिसत होते. पण वीस वर्षं पिवळाच पाहिलेल्या माणसाला कावीळ झाली आहे, हे कुणाच्या लक्षात येणार? रोज बरोबर चालणाऱ्या माझ्या नाही, बॅग उचलणाऱ्या शिवाच्या नाही, यार्डातल्या कुणाच्या तर नाहीच, कारण ते सगळे त्याच रंगाचे. क्लबात एक डॉक्टरही आहेत. त्यांनी अण्णांच्या पाठीवर थाप मारून "हळद चढली वाटतं यंदा!" असा विनोद केला होता. आम्ही हसलो होतो. अण्णाही.

लक्षात आलं ते त्यांच्या बायकोच्या. त्यांना सगळे आक्का म्हणतात. त्यांनी एका सकाळी अण्णांना खिडकीपाशी उभं केलं आणि खालची पापणी ओढून बघितली.

"हळद हाय ती," अण्णा म्हणाले.

"चाळीस वर्सं तुमची हळद धुती मी," आक्का म्हणाल्या. "डोळ्यात जात न्हाई ती."

मिरजेला नेलं. मोठ्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या, स्वादुपिंडाचं नाव घेतलं, आणि दोन महिने आधी आला असता तर, असं वाक्य सुरू करून अर्धवट सोडलं. डॉक्टर लोक ती वाक्यं अर्धवटच सोडतात. पित्ताच्या वाटेत नळी बसवून त्यांनी पिवळेपणा उतरवला. अण्णा घरी आले तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा माणसाच्या रंगाचे दिसत होते, आणि त्यामुळेच ओळखू येत नव्हते. गालांची हाडं वर आली होती. मी खुर्ची ओढून बसलो. तेच म्हणाले, "वाळलो मास्तर. आता चालतो मी. कुणीबी खावं."

आक्का उठून आत गेल्या.

फेब्रुवारीत त्यांनी स्पर्धेला नाव दिलं. मी समजावायला गेलो. ते ऐकून घेत होते, मग हात वर करून थांबवलं.

"जिंकायचं न्हाई हो मला. तेवढी अक्कल हाय. पन एवढ्या वर्सांत दुपारचं पूड कधी दुपारी उघडलं न्हाई. एकदा दुपारचा डबा दुपारी खायचाय. खेळात असताना. भाईर पडल्यावर न्हाई."

एवढंच मागणं होतं. देवाकडे लोक याहून बरंच काही मागतात, आणि कमी तयारी करून.

ही बातमी क्लबात पसरली. ती माझ्याकडूनच पसरली असणार, कारण दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हती. अध्यक्षांनी बैठक बोलावली. पहिल्या फेरीत अण्णांसमोर पलूसचा जयसिंग होता. द्राक्षबागायतदार, अंगाने पैलवान, चेंडू मारला की लोणंदपर्यंत जाईल असं वाटायचं. अध्यक्ष उभे राहिले. तिथे आम्ही पाच जण होतो, तरी उभे राहिले.

"आपण अण्णांना सन्मानपूर्वक सहकार्य करावं, असं मी सुचवतो."

"म्हंजे हरायचं का?" जयसिंगने विचारलं.

"हरायचं नाही. उदार मनाने पट द्यायचे."

"त्यांना कळेल," मी म्हणालो.

"नाही कळणार. आजारी आहेत ते."

आजारी माणूस बहिरा, आंधळा आणि थोडा खुळाही असतो असं धरून चालणारे लोक मी बरेच पाहिले. ते बहुधा निरोगी असतात. जयसिंग मान खाली घालून म्हणाला, "बघतो." तो मनाने चांगला होता, आणि सगळा घोटाळा चांगल्या मनाचाच असतो.

आदल्या संध्याकाळी मी अण्णांकडे गेलो. तयारी सुरू होती. अण्णा खुर्चीत बसून सांगत होते आणि आक्का करत होत्या. पाण्याच्या कॅनवर दुहेरी कापड बांधून झालं होतं. मोज्यांचे जोड खाटेवर ओळीने. शिवा अंगणात बसून काठ्या पुसत होता. सूर्य मावळायला अवकाश होता. अण्णांच्या पुढ्यात ताट होतं, ताटात मऊ भात होता, आणि तो तसाच होता.

"आवं सर, तुमी तरी सांगा," आक्का म्हणाल्या. "भात उतरंना घशाखाली, आणि दशम्या करा म्हंत्यात. तीन पुडं. कुणी खायची?"

"डबा न्यायचा असतोय," अण्णा म्हणाले. "खायचं मागनं बघू."

"मला काय. करते." त्यांनी परातीत दूध-गूळ ओतला आणि कणीक मळायला घेतली. बराच वेळ मळत होत्या. कणकेला तेवढं लागत नाही.

अण्णांनी ताट सरकवलं, उन्हाकडे बघितलं, आणि अर्धा घास भात तोंडात टाकला. वेळेच्या आत.

स्पर्धेच्या सकाळी दीपप्रज्वलन होतं. माळावर वारा. अध्यक्ष समई लावायचे, वारा विझवायचा. चारित्र्याच्या कसोटीवरचं भाषण त्या खटाटोपात दोनदा झालं. शेवटी शिवाने टेम्पोची ताडपत्री धरली, तिच्या आड समई पेटली, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. खेळ सुरू व्हायला चांगलाच उशीर झाला. अण्णा खुर्ची टाकून बसले होते. पांढरा सदरा, दोन्हीतली पहिली टोपी. हातमोजा तेवढा अजून पिवळा होता.

पहिल्या होलवर अण्णांचा चेंडू भोकापासून हातभर होता. जयसिंग म्हणाला, "दिला, अण्णा." हे रीतीला धरून होतं. दुसऱ्यावर चेंडू काठीच्या दुप्पट अंतरावर. "दिला." अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मी शिट्टीकडे बघितलं. तिसऱ्यावर ते ब्राऊनच्या पार दुसऱ्या टोकाला होते. शिवा पोतं ओढायला लागला होता.

"दिला," जयसिंग म्हणाला.

शिवा पोतं धरून तसाच उभा राहिला.

"जयसिंग," अण्णा म्हणाले, "ह्या पटात बैलगाडी आडवी बसती."

"पडलाच असता, अण्णा."

"माझा? कवा पडलाय?"

जयसिंगने टोपी काढून पुन्हा घातली. अण्णा माझ्याकडे वळले.

"पंच, नको म्हंता येतं का?"

"नाही येत, अण्णा."

"बरं."

त्या दिलेल्या पटांच्या जोरावर तिन्ही होल अण्णांचे झाले होते. त्यांच्या आयुष्यात असं कधी झालं नव्हतं. आम्ही चौथ्याच्या सुरुवातीला आलो. अण्णा काठीवर दोन्ही हात ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, "चौथा दिला."

"काय?" जयसिंग म्हणाला.

"होल दिला. चौथा तुझा. पाचवा बी दिला."

"अण्णा, असं कसं? पंच?"

"देता येतो," मी म्हणालो.

जयसिंगचा चेहरा लाल झाला. त्याने घाईने तोंड उघडलं. "मग सहावा मी..."

"दिला," अण्णा म्हणाले. यार्डात पन्नास वर्षं बोली लावलेला माणूस तो. द्राक्षवाल्याच्या आधी बोलणं त्यांना काय अवघड? मी निर्णय दिला की अण्णा आधी बोलले. बरोबरी झाली. तीन होल एकाचे, तीन दुसऱ्याचे, आणि या सगळ्यात एकाही पटाचा आवाज आलेला नव्हता. गोल्फचे नियम लिहिणाऱ्यांनी हे पाहिलं असतं तर त्यांना काय वाटलं असतं, याचा मी विचार केला. बहुधा काहीच नाही. ते लांब राहतात.

"आता आईक," अण्णा म्हणाले. आवाज चढला नव्हता. "तुला कुणी सांगितलंय ते मला म्हाईत हाय. त्यांचा ब्लेझर म्हाईत हाय. पुन्यांदा एक जरी पट दिलास तर मी मॅच दिऊन घरी जातो. मग डबा तू खा बसून."

जयसिंगने बॅगेतून काठी काढली. मग म्हणाला, "चुकलं अण्णा. खेळतो."

"खेळ. आणि बारकं समजून खेळू नकोस. मी तुझ्या बापाबरोबर खेळलोय. त्यो बी लय वाईट खेळायचा."

सातवा जयसिंगने जिंकला. सरळ, दयामाया न करता. आठवा बरोबरीत सुटला. मधे अण्णा दोनदा बसले, एकदा झाडामागे जाऊन आले आणि तोंड पुसत आले. शिवाने कॅनमधून पाणी दिलं. तो त्या दिवशी फटकळ बोलत नव्हता. "बोल की रं काय तरी," अण्णा म्हणाले. "मेलोय का मी?"

"काय बोलू? तुमी खेळताय आज. सवय न्हाई मला."

नवव्यावर अण्णांचा पट पडायलाच हवा होता, नाहीतर मॅच संपली. अंतर काठीच्या दुपटीहून जास्त. शिवाने पोतं ओढलं, सावकाश, एकदाच. जयसिंग ओठ घट्ट मिटून उभा होता. अण्णांनी मारला. चेंडू वाळूवरून निघाला, कडेला गेला, थांबल्यासारखा झाला, आणि टण् आवाज आला.

अण्णा नळ्याकडे बघत होते. जणू त्याने परत बोलावं.

बरोबरी झाली की पुन्हा पहिल्या होलपासून खेळतात, एक जण जिंकेपर्यंत. याला खेळात सडन डेथ म्हणतात. मी ते शब्द टाळले. अण्णांनी टाळले नाहीत. "आता डेथ व्हय? चला." पहिला बरोबरीत. दुसरा बरोबरीत. दोघंही वाईट खेळत होते, पण सारखेच वाईट. बाकीच्या मॅचेस कधीच संपल्या होत्या. जो जिंकेल त्याच्याशी खेळायचं म्हणून साताऱ्याचे कर्नल पत्र्याखाली घड्याळ बघत बसले होते. तिसऱ्याकडे निघालो तेवढ्यात भोंगा वाजला.

प्रमुख पाहुणे आले होते. खेळ तात्पुरता थांबवण्यात येत आहे, सर्वांनी सत्कारासाठी यावे, त्यानंतर भोजन. कर्णा वाऱ्यावर ओरडत होता. मी घड्याळ बघितलं. दुपार झाली होती. मॅच संपलेली नव्हती. अध्यक्षांच्या समारंभांचा कुणाला उपयोग झालेला मी पाहिला तो एवढा एकच.

तिकडे शाल, श्रीफळ, फेटा चाललं होतं. अण्णा तिसऱ्या होलजवळच्या बाभळीखाली बसले. शिवाने डबा आणला. अण्णांनी वरचं पूड बाजूला ठेवलं, मधलं उघडलं. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गुळाचा खडा. जयसिंग जरा लांब उभा होता. सकाळी हरून घरी जायचं म्हणून त्याने काहीच आणलं नव्हतं, आणि क्लबाचं जेवण समारंभ संपल्यावर.

"बस," अण्णा म्हणाले.

"न्हाई अण्णा, तुमी खावा."

"बस म्हंतो ना. दिलं. नको म्हंता येत न्हाई."

जयसिंग बसला. अण्णांनी दशमीचा तुकडा मोडला, चटणीला लावला, खाल्ला. बराच वेळ चावला. मग आणखी एक. तेवढेच दोन. बाकी जयसिंगने खाल्लं, रडत खाल्लं. पैलवान माणूस रडताना खायचं थांबत नाही, हे मी त्या दिवशी बघितलं. अण्णांनी त्याच्याकडे बघितलं नाही. ते उन्हाकडे बघत होते. सावली पायाखाली आली होती.

"दुपार हाय," ते म्हणाले. खात्री करून घेतल्यासारखं.

खेळ परत सुरू झाला. तिसऱ्यावर जयसिंगचा चेंडू ब्राऊनवर, लांब. अण्णांचा ब्राऊनच्या कडेला, गवताच्या एका उंचवट्यावर. अण्णा काठीवर भार देऊन वाकले. सरळ व्हायला त्यांना वेळ लागला.

"मुंग्या हायत."

"फुंकर मारतो, जातील," शिवा म्हणाला.

"तोंडात अंडी हायत त्यांच्या. ऱ्हाऊ दे."

जयसिंग पुढे आला. "अण्णा, उचला तो. फुकट उचला. हा होल मी..."

"मॅच दिली," अण्णा म्हणाले.

ते पुन्हा आधी बोलले होते.

"अण्णा, न्हाई. पंच, त्यांला परत घ्यायला सांगा."

"रुमालाखालचं बोट हाय," अण्णा म्हणाले, आणि पिवळा हातमोजा काढून हात पुढे केला. जयसिंगने तो दोन्ही हातांत धरला. मी नंतर वाकून बघितलं. मुंग्या होत्या. फार नव्हत्या.

खालचं पूड त्यांनी शिवाला दिलं आणि सूर्य मावळायच्या आधी घरी गेले.

त्यानंतर ते बोलू शकत असताना मी त्यांना एकदाच भेटलो. खाटेवर होते. पिवळेपणा परत आला होता, या वेळी सगळ्यांना ओळखू आला. आक्का खालीच बसल्या होत्या, पाय दाबत. अण्णांनी डोळे उघडले.

"जयसिंगचं पुढं काय झालं?"

"कर्नलांशी हरला. पाचव्या-सहाव्यातच संपलं."

"व्हय?" त्यांनी डोळे मिटले. "तयारी नव्हती त्याची."

एप्रिल संपता संपता ते गेले. सकाळी. आक्का म्हणाल्या, बरं झालं, दिवस लांबला नाही. शोकसभेला अध्यक्ष ब्लेझरमध्ये आले. मॅच-प्ले ही चारित्र्याची अखेरची कसोटी आहे आणि अण्णा त्या कसोटीवर अखेरच्या क्षणापर्यंत झुंजले, असं ते म्हणाले. समोरच्या रांगेत जयसिंग बसला होता. त्याने मान वर केली नाही. मग ठराव झाला की अण्णा जिथे शेवटचं खेळले, त्या तिसऱ्या होलच्या कडेला त्यांच्या नावाचं बाक बसवायचं. पावसाळ्याआधी ते बसलंही. सिमेंटचं, मजबूत, पाठीवर नाव आणि खाली 'अखेरपर्यंत झुंजणारा खेळाडू' अशी अक्षरं.

जागा निवडताना कुणी खाली बघितलं नव्हतं. बाकाखालून मुंग्या येतात. त्यामुळे तिथे कुणी बसत नाही.